वस्तीच्या गाडीवरच्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र खरं तर पाकिटात घालून पाठवायचं होतं. चार जणांना वाचता येईल असं लिहितोय, कारण परत आल्यापासून ओळखीतल्या तिघांनी तरी विचारलं, "कॅम्परव्हॅन घेऊन कोकणात जायचं तर कसं ठरवायचं?" दर वेळी मी तुमचंच सांगत बसतो. नाव घालू नको म्हणालात, म्हणून घालत नाही. गुहागर तालुक्यात ओळखणारे ओळखतीलच.

तुमच्या मुलीनं फोन जोडून दिला तेव्हा माझ्याकडे सात दिवसांत सात समुद्रकिनारे असा तक्ता तयार होता. मोठ्या अभिमानानं वाचून दाखवला. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि विचारलंत, "बरोबर कोण?" बायको, मुलगी आणि आई, म्हटलं. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. लॉजचे जिने नकोत, वाटेतली स्वच्छतागृहं नकोत, म्हणून तर ही फिरती खोली भाड्यानं घेतली होती. तिला एकदा वेळणेश्वराला जायचं होतं, कुलदैवत म्हणून. यावर तुम्ही म्हणालात, "मग वेळणेश्वराला जा की! बाकीचे सहा कशाला हवेत?"

तक्ता तिथेच संपला.

मग तुम्हाला गाडी समजावून सांगायला लागलो. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली आहे, आत झोपायला जागा, ओटा, पाण्याची टाकी... तुम्ही हसलात. "म्हणजे वस्तीची गाडीच की हो!" बत्तीस वर्षं तुम्ही एसटी चालवलीत. रात्री शेवटच्या गावात मुक्काम, सकाळी पहिली फेरी. बाकांच्या मधे अंथरूण, डोक्याशी तिकिटांची पेटी घेऊन कंडक्टर. राज्याचं कॅरावॅन धोरण २०२१ साली आलं. तुम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावर गाडीत झोपत होतात. हे लक्षात आल्यावर मी वही काढली.

पहिली गोष्ट तुम्ही तारखेची काढलीत. महाशिवरात्रीला वेळणेश्वरात पाय ठेवायला जागा नसते आणि शिमग्याला सगळे चाकरमानी गावी, त्यामुळे मधले दिवस धरा. फाल्गुन शुद्ध द्वितीयेला निघा, तृतीयेला दाभोळची खाडी ओलांडा. पुण्यात राहून तिथीनं रजा मागितली तर साहेब कसा बघतो, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

तृतीयाच का, तेही तुम्ही फोनवर गणित घालून शिकवलंत. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, येते ती पूर्ण भरतीची वेळ. तृतीयेला तीन त्रिक नऊ, भागिले चार, म्हणजे सव्वादोन. लांब शेपटीची गाडी भरतीच्या जवळपासच फेरीबोटीत घाला, बाराच्या आधी धक्क्यावर जाऊ नका, हे तुम्ही दोनदा बजावलंत.

आता कबुली देतो. फोनवर मी हे तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं. आम्ही साडेआठलाच धक्क्यावर होतो. दापोलीत सगळे लवकर उठले, रस्ता मोकळा मिळाला आणि मला वाटलं, बोट तर दिवसभर चालते, भरतीचं काय एवढं! अमावास्येनंतरचं उधाण अजून ओसरलं नव्हतं, त्यामुळे ओहोटीही तितकीच खोल. धक्क्याचा उतार पार खालपर्यंत उघडा पडलेला, ओला, हिरवट. पुढची मोटार सहज गेली. आमच्या गाडीचं नाक बोटीच्या रॅम्पवर चढलं आणि मागची लोखंडी पायरी काँक्रीटवर अशी खरडली की आईनं आतून "अगं बाई!" केलं. बोटीवरच्या माणसानं हात वर केला. मी मागे घेतली. तो म्हणाला, "दुपारी या, सपाट होईल." फोनवर तुम्हाला एवढंच कळवलं की जरा थांबलोय. तुम्ही विचारलंत, "चहा झाला का?" भरतीचा विषयसुद्धा काढला नाहीत. एकच्या सुमाराला वाशिष्ठीचं पाणी धक्क्यावर चढलं आणि तीच गाडी पाटावरून उतरावी तशी बोटीत गेली. दहा मिनिटांत पलीकडे धोपावे. रस्त्यानं वळसा घातला असता तर अर्धा दिवस गेला असता.

पायरी दुरुस्त करून गाडी परत केली. बाराशे रुपये. तिथीच्या गणिताची फी समजतो.

तुमच्या बाकीच्या सूचना मात्र अक्षरशः पाळल्या. माडाखाली गाडी लावली नाही. नारळ राहू दे, नुसती झावळ पडली तरी टपावरची काच गेली असती. वाळूत चाक घातलं नाही. आमच्यादेखत एक मोठी नवी गाडी रुतली, चौघं जण संध्याकाळभर फळ्या सरकवत होते. गावात शिरताना उंचीसाठी मुलीला पुढे चालवलं, कारण आमची उंची दहा फूट आणि वाडीतल्या फणसाच्या फांद्या व विजेच्या तारा काही आम्हाला विचारून वाढलेल्या नाहीत. वेळणेश्वराचा उतार पूर्ण दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. गाडीचं तोंड बाहेरच्या बाजूला करून लावली, रात्रीत काही झालं तर मागे-पुढे करत बसायला नको म्हणून. एका बाजूला चाकाखाली जांभ्याचा चिरा सरकवला तेव्हा गाडी सपाट झाली आणि आईच्या भांड्यातली आमटी एकीकडे जायची थांबली.

वाऱ्याचं तर मला ठाऊकच नव्हतं. दिवसा समुद्रावरून खारा वारा, रात्री जमिनीवरून मतलई. मी दार समुद्राकडे ठेवणार होतो, देखाव्यासाठी. तुम्ही म्हणालात, देखावा दिवसा बघा, रात्री डोंगराकडची खिडकी उघडा. उघडली. पहाटे चादर लागली, तेही फाल्गुनात.

सर्वांत उपयोगी पडली ती पाण्याची गोष्ट. आमची टाकी शंभर लिटरची, चौघांत दीड दिवस. पाऊस साडेतीन हजार मिलिमीटर पडणाऱ्या मुलखात पाणी कसलं मागायचं, असं मला वाटत होतं. पण जांभा ते धरून ठेवत नाही आणि होळीपासून बावी, म्हणजे विहिरी, तळ गाठायला लागतात, हे तुम्ही आधीच सांगितलंत. नळाला पाइप लावायचा नाही. ज्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गाडी लावाल त्यांना विचारून कळशीनं घ्यायचं. घेतलं. कळशी मोजून घेतली की माणूस आंघोळ आपोआप आवरती घेतो. संडासाची पेटी त्यांच्याच पक्क्या शोषखड्ड्याच्या संडासात रिकामी केली, पैसे देऊन. समुद्रात काही सोडायचं नाही, हे सांगताना तुमचा आवाज पहिल्यांदा चढला होता.

पंचमीला हेदवीला गेलो. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. साडेतीनला बामणघळीपाशी हजर. काळ्या कातळातल्या त्या भेगेत लाट शिरते, आत कुठेतरी घुमते आणि मग पाणी सरळ वर उडतं. आम्ही लांबूनच पाहिलं. आई उमामहेश्वराच्या देवळापाशी बसून राहिली. दर फवाऱ्याला हात जोडत होती. त्याच रात्री वेळणेश्वरात पोरांचा आरडाओरडा ऐकू आला. फाकपंचमी, पहिली छोटी होळी पेटलेली. आई दारातल्या खुर्चीत बसून बघत होती. तीन दिवस ती सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या पायांनी देवळात गेली. सात किनाऱ्यांच्या तक्त्यात तिच्या वाट्याला अर्धा तास आला असता, तोही गाडीतून उतरण्या-चढण्यात.

परत तुम्ही सांगितल्याप्रमाणे चिपळूण, कुंभार्ली घाट, दुपारच्या आत.

जुन्या कॅलेंडरच्या मागे काढून पाठवलेला तुमचा नकाशा माझ्याकडेच ठेवतोय, विचारायला आलो नाही. त्यात एक दुरुस्ती करून घ्या. पालशेतच्या पुढे "मोठा फणस, इथे हॉर्न" असं लिहिलंय, तो फणस आता नाही, नुसता बुंधा आहे. पण वळण तेवढंच आंधळं आहे, तेव्हा हॉर्न राहू दे. आईनं लसणीची चटणी दिली आहे, सोमवारी तुमच्या मुलीबरोबर पाठवतो. बरणी परत करायची घाई नाही.

आपला,
दहा फुटी गाडीवाला