पैशाचा वास

हेरफर्ड, टेक्सास
१४ जून

प्रिय दत्ता,

तुझा फॉरवर्ड मिळाला. 'एक किलो बीफ म्हणजे १५ हजार लीटर पाणी', वर गाईचा फोटो आणि खाली तुझा प्रश्न: "बाळ्या, तू तिकडं खातोस का रे?" फोनवरच सांगितलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकतोस आणि ओट्यावर आमची आई बसलेली असते. म्हणून हे पत्र.

खाल्लंय. दोनदा. पहिल्यांदा न कळता, दुसऱ्यांदा कळून. खोटं कशाला बोलू? आता नाही खात, पण त्याचं कारण धर्मबिर्म नाही. ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

पवनचक्कीच्या कामावर मी ज्या गावात राहतो ते स्वतःला 'जगाची बीफ राजधानी' म्हणवतं. गावाचं नावसुद्धा गुरांच्या जातीवरून पडलंय. आल्या दिवशी गाडीची काच खाली केली आणि मला थेट आपली दुष्काळातली चारा छावणी आठवली. तोच वास, पण शंभर पटीनं. तोंड वाकडं केलं तर शेजारचा सुपरवायझर हसून म्हणाला, "हा पैशाचा वास आहे." इथं सगळेच असं म्हणतात.

फीडलॉट म्हणजे काय ते सांगतो. उघड्या माळावर लोखंडी कुंपणाचे कप्पे, झाडाची सावली नाही, गवताची काडी नाही, आणि हजारो खोंडं. कडेनं सिमेंटची गव्हाण, नजर पोचेल तिथपर्यंत. पहाटे ट्रक येतो आणि चालता चालता गव्हाणीत खुराक ओतत जातो. मी एकदा मूठभर उचलून बघितला. मका होता, वाफवून रोलरखाली चपटा केलेला, अगदी आपल्या पोह्यांसारखा. हाताला कोमट लागला. दिवसाला दीडेक किलो वजन चढतं म्हणे. एक किलो वजन चढायला साधारण सहा किलो खुराक लागतो, आणि त्या वजनातलं निम्मंसुद्धा ताटात येत नाही. वासरू जन्मतं दुसरीकडं, कुरणावर. इथं शेवटचे पाच-सहा महिने काढतं आणि दीड वर्षाचं झालं की कत्तलखान्यात. दीड वर्ष, दत्ता! आपल्याकडं त्या वयाच्या खिलार खोंडाला अजून कोणी औताला धरत नाही. छावणीत तू 'सर्ज्या'च्या शेजारी बाजेवर झोपायचास. इथं कानात पिवळा बिल्ला आणि त्यावर नंबर.

संध्याकाळी गारवा पडला की ही जनावरं उधळतात, एकमेकांना ढुशा देतात. खुरांखालचं वाळलेलं शेण भुगा होऊन हवेत उठतं. आपण गोरज मुहूर्त पत्रिकेत छापतो. इथला गोरज नाकाला रुमाल लावून बघावा लागतो.

आता तुझे १५ हजार लीटर. आकडा खोटा नाही, पण त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी पावसाचं आहे, कुरणावर आणि मक्यावर पडलेलं. ते तसंही पडलंच असतं. भानगड आहे ती उरलेल्या पाण्यात, आणि ते या जमिनीच्या पोटातून येतं. ओगलाला नावाचा भूजलाचा साठा आहे, आठ राज्यांच्या खाली पसरलेला, साडेचार लाख चौरस किलोमीटर. अख्खा महाराष्ट्र तीन लाखांचा, यावरून अंदाज कर. पाणी हजारो वर्षांपूर्वीचं, आणि या दक्षिणेकडच्या भागात वरून भर जवळपास नाहीच. १९३० च्या दशकात याच मुलखात जमीन धुळीत उडाली होती. नंतर पंप आले, गोल फिरणारे सिंचनाचे सांगाडे आले, आणि माळावर मका उभा राहिला. विमानातून बघितलं तर जमिनीवर हिरव्या भाकऱ्या मांडल्यासारखं दिसतं. सगळा मका इथला नाही, बराच रेल्वेनं वरच्या राज्यांतून येतो. पण इथं उपसा थांबलेला नाही, आणि काही ठिकाणी पाण्याची पातळी शंभर फुटांहून जास्त खाली गेलीय.

ज्याच्या रानात आमची पवनचक्की उभी आहे त्या म्हाताऱ्यानं मला त्याची विहीर दाखवली. बापाच्या वेळी आठ इंची पाइप भरून पाणी यायचं, आता तीन बोअर जोडून एक सांगाडा फिरवतो आणि अर्धं वर्तुळ कोरडं ठेवतो. इथं कायदाच असा की ज्याची जमीन, त्याच्या खालचं पाणी त्याचं. मी नाही उपसलं तर शेजारी उपसणार. हे वाक्य मी कुठं ऐकलंय ते तुला सांगायला नको. फक्त मक्याच्या जागी ऊस घाल.

पृथ्वी तापवणाऱ्या मिथेन वायूचं म्हणशील तर तो येतो जनावराच्या ढेकरेतून. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात सूक्ष्मजीव चारा कुजवतात, त्यातून तो निघतो. हवेत बारा-एक वर्षं टिकतो, पण शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट तापवतो. गंमत अशी की मक्यावरचं जनावर गवतावरच्यापेक्षा कमी ढेकरा देतं. म्हणून 'फीडलॉट वाईट, मोकळं कुरण चांगलं' असं सरळ गणित बसत नाही. सगळी गवतावर सोडायची तर जमीन कुठून आणणार? ब्राझीलमध्ये अॅमेझॉनचं जंगल मुख्यतः कुरणांसाठीच तुटतंय. एक माणूस इथं वर्षाला २६ किलोच्या आसपास बीफ खातो. तेवढं खायचं ठरवलं की कुठूनही आण, कुठंतरी खड्डा पडणारच.

पण तू फॉरवर्ड ज्या थाटात पाठवलास तो थाट काही मला पटला नाही. 'आपण खात नाही, आपण सुटलो' असा. २०१९ च्या पशुगणनेत आपल्याकडं गाई-म्हशी मिळून ३० कोटी निघाल्या. त्या काय ढेकर देत नाहीत? जनावर पाच लीटर दूध देवो की वीस, ढेकरा देतंच, म्हणजे कमी दुधाच्या जनावराचा लीटरमागे मिथेन जास्त. तुझ्या डेअरीचा चहा पिऊन मला शिकवू नकोस. मी मटण सोडलेलं नाही, आईच्या हातचं तर सोडणारही नाही.

बीफ सोडलं ते त्या म्हाताऱ्याची विहीर बघून. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ब्रिस्केट, म्हणजे गुराच्या छातीचं मांस, होतं, ताट घेतलं आणि मला तो पाइपच दिसत राहिला. माझ्या एकट्याच्या न खाण्यानं ओगलाला इंचभर वर येणार नाही, ठाऊक आहे. तरी राजमा वाढून घेतला. बेचव होता.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल, आईच्या हाती लागू देऊ नकोस. आणि तुझ्या नव्या बोअरला पाणी कितीवर लागलं ते नीट लिही. मागच्या फोनला साडेसहाशे फूट ऐकू आलं, पण बहुतेक मीच चुकीचं ऐकलं असेन.

तुझा,
बाळ्या