सही करण्याआधी

साखळी, गोवा

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

परवा आवाज चढला आणि तू फोन ठेवलास. आई म्हणते, त्याला आता काही विचारू नका. म्हणून लिहितो.

कारखान्यात दुसरी पाळी बंद झाली, बोर्डावर व्हीआरएसची, म्हणजे पैसे घेऊन आपखुशीने नोकरी सोडायच्या योजनेची, नोटीस लागली, एवढंच सांगितलंस. मुदत कधीपर्यंत, ते नाही. सही केली नाहीस ना?

मामाचं तू पाहिलंस. २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या, १६ मार्चपासून खाणी थांबल्या. पुढे खाण कंपनीने असाच कागद समोर ठेवला आणि मामाने आकडा बघून त्याच दिवशी सही केली. त्या वर्षी गणपतीची चवथ थाटात झाली, मूर्तीवर बांधलेली फळाफुलांची माटोळी तर बघत राहावी अशी. ग्रॅच्युइटी त्याच आकड्यात धरली होती, हे त्याला फार उशिरा कळलं. ग्रॅच्युइटी हा तुझा हक्कच, नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. ती वेगळी दाखवलीय का बघ. कंपनीने स्वतः कामगार कपात केली तर कायद्याने भरपाई द्यावी लागते. आपखुशीने जातो असं तूच लिहून दिलंस, की ती मागायची कशी?

बघ, भाषण सुरू झालं. रागावू नकोस. तू घर चालवतोस, तुला कळतं. पण २०१२ मध्ये खाणी पहिल्यांदा बंद पडल्या, खनिज वाहणारा आपला ट्रक परसात उभा राहिला आणि बँकेचे हप्ते चालूच, तेव्हापासून कंपनी, नोटीस हे शब्द ऐकले की मला झोप लागत नाही. तू दहावीत होतास. बॅटरी उतरू नये म्हणून शाळेतून आल्या आल्या ट्रक चालू करायचास. एकदा नुसत्या आवाजावरून म्हणालास, बाबा, डिझेलचा नोझल गेलाय. मेस्त्रीने खोलून बघितलं, खरंच नोझल! आईला मी त्याच रात्री सांगितलं, हा इंजिनातच जाणार. पुढे तुझा इंजिन लाइनवरचा फोटो आला, तो मी बाजारात किती जणांना दाखवला असेन. आणि आता विजेच्या गाडीला ना इंजिन, ना पूर्वीसारखा गियरबॉक्स. यात तुझ्या हाताचा काय दोष?

तुमच्या शेजारी तळेगावला जनरल मोटर्सने २०२० च्या डिसेंबरात उत्पादन थांबवलं. पुढे ह्युंदाईने जागा घेतली, इमारती घेतल्या, यंत्रं घेतली. कामगार त्या व्यवहारात नव्हते. जर्मनीत फोक्सवॅगन २०३० पर्यंत ३५ हजारांवर जागा कमी करणार आहे, पण तिथे युनियनने बसून करार केला, जबरदस्तीने कुणाला काढायचं नाही असा. म्हणून सांगतो, एकट्याने केबिनमध्ये जाऊ नकोस. युनियनची माणसं बरोबर घे, कामगारांच्या केसेस बघणाऱ्या वकिलाला कागद दाखव. फ्लॅटच्या हप्त्याची काळजी असेल तर काजूचे पैसे आलेत, दोन-तीन महिने मी बघतो. नको म्हणू नकोस.

सूनबाईला सगळं सांगितलंस का? तिच्यापासून लपवू नकोस. मी आईपासून हप्त्यांच्या नोटिसा लपवत होतो, तिला त्या सगळ्या ठाऊक होत्या.

कागदाचा फोटो काढून पाठव, प्रत्येक पानाचा. मी वाचेपर्यंत सही नको.

तुझा,
बाबा