एअर फ्रायरच्या पाककृती वजन-तापमानासह छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवण्यांतून हल्ली एअर फ्रायरच्या पाककृती बऱ्याच येतात, पण त्यांत 'कुरकुरीत होईपर्यंत ठेवावे' यापलीकडे हाताला लागेल असं काही नसतं. यंत्र किती लिटरचं, जिन्नस किती ग्रॅम, तापमान किती, मध्ये कितीदा हलवायचं, आधी यंत्र तापवून घ्यायचं की नाही, ही पाच माहिती मागवूनच पाककृती छापावी, अशी आपल्याला कळकळीची विनंती आहे. ओव्हनची पाककृती नुसतं नाव बदलून दिली की पदार्थ वरून करपतो, आत कच्चा राहतो आणि दोष यंत्राला लागतो. चार माणसांच्या घरात रोजच्या स्वयंपाकाला ओटीजीपेक्षा (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) एअर फ्रायर नक्कीच सोयीचा आहे, पण तो कसा चालतो हे कळलं तरच.

नावात 'फ्रायर' असला तरी तो तळत नाही. वर कॉइल, तिच्यामागे पंखा, आणि खाली जाळीची टोपली. पंखा तापलेली हवा जोरात खाली ढकलतो, ती पदार्थाभोवती फिरून परत वर जाते. म्हणजे हा पंखा असलेला लहान ओव्हनच. बऱ्याच घरगुती ओटीजीत पंखा नसतो किंवा असला तरी मंद असतो, त्यामुळे पदार्थ शिजतो तो मुख्यतः दांड्यांच्या धगीवर. शिवाय ओटीजीची पोकळी २५-३० लिटरची, एअर फ्रायरची ४-५ लिटरची. ओटीजी तापायला १० ते १५ मिनिटं लागतात, हा ३ मिनिटांत तयार. दोन्ही १५०० वॉटचे धरले, तर ओटीजीत १० मिनिटं तापवणं आणि २५ मिनिटं भाजणं मिळून जास्तीत जास्त ०.८७५ युनिट जातं, आणि तेवढाच पदार्थ एअर फ्रायरमध्ये १८ मिनिटांत झाला तर अर्ध्या युनिटाच्याही आत. कॉइल मध्येमध्ये बंद होत असल्याने प्रत्यक्षात दोन्ही आकडे याहून कमीच भरतात. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीपार असताना पाऊण तास ओटीजी पेटवून ठेवणं काय असतं, ते स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्यालाच ठाऊक.

ओव्हनची पाककृती वापरायची असेल तर तापमान १५ ते २० अंशांनी उतरवावं आणि वेळ पाव हिश्शाने. १८० अंशांवर ३० मिनिटं लिहिलं असेल तर १६० ते १६५ वर २२ मिनिटं, आणि पंधराव्या मिनिटाला उघडून बघावं. टोपली निम्म्याहून जास्त भरू नये. हवेला फिरायला वाट राहिली नाही की भाजी स्वतःच्याच वाफेत शिजते आणि लिबलिबीत होते.

सर्वांत जास्त निराशा कांदाभजी आणि बटाटेवड्यांनी होते. पातळ पीठ गरम तेलात पडताक्षणी घट्ट होतं, इथे मात्र ते घट्ट व्हायच्या आत जाळीतून खाली ठिबकतं आणि वरचा थर पंखा विस्कटून टाकतो. हे पदार्थ कढईतच करावेत. आधी वाफवलेल्या वड्या उत्तम होतात. कोथिंबीरवडी किंवा अळूवडी वाफवून पूर्ण गार करावी, एक सेंटिमीटर जाडीचे काप करावेत, दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावून १९० अंशांवर १० ते १२ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. गरम असतानाच कापली तर वडी चुरते आणि चुरा कॉइलकडे उडतो.

आपल्याकडच्या स्वयंपाकात या यंत्राचं खरं काम शेंगा भाजण्याचं. शेंगाचटणीला शेंगदाणे आतपर्यंत सारखे भाजले गेले पाहिजेत, नाहीतर उखळात कुटताना तेल सुटत नाही. पाव किलो दाणे टोपलीत पसरावेत, तेल अजिबात नको, १५० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, दर ४ मिनिटांनी हलवावेत. १८० ठेवलं तर साल काळी पडते आणि दाण्याचा गाभा पांढराच राहतो. शेवटची ३ मिनिटं यंत्राजवळून हलू नये. दाणा फोडून आत फिकट बदामी दिसला की लगेच ताटात पसरावा. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, त्यामुळे बाहेर काढल्यावरही तो आतल्या उष्णतेने भाजत राहतो. यंत्रातच राहू दिला तर चटणीला कडवटपणा येतो, आणि तो लसूण-जिरं कितीही घातलं तरी जात नाही. कुरकुरीतपणाची परीक्षा गार झाल्यावरच करावी, गरम दाणा मऊच लागतो. सालं टोपलीत चोळू नयेत. ती उडून कॉइलला चिकटतात आणि पुढच्या वेळी जळका वास येतो.

कडक भाकरीचंही तसंच. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे कच्ची भाकरी टोपलीत टाकली तर ती चिरफाळते. भाकरी पातळ थापून, पाणी फिरवून, तव्यावर नेहमीसारखी दोन्ही बाजूंनी भाजूनच घ्यावी. यंत्राचं काम फक्त तिच्यातली ओल काढण्याचं. १३० ते १४० अंशांवर १० ते १२ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. घाईने १८० वर ठेवली तर कडा तांबूस होतात आणि मधला भाग चामट राहतो. हलकी भाकरी पंख्याच्या झोताने वर उडते आणि कॉइलला लागून करपते, म्हणून तिच्यावर स्टीलची जाळी ठेवावी. लहान टोपलीत मावत नसेल तर थापतानाच भाकरी लहान करावी. गार झाल्यावर वाकत असेल तर आणखी ३-४ मिनिटं द्यावीत. आदल्या दिवशीची उरलेली भाकरीही अशी छान कडक होते, आणि तिला वेळ कमी लागतो.

भरताचं ३०० ग्रॅमचं वांगं तेल लावून, चार-पाच ठिकाणी टोचून, २०० अंशांवर २० ते २५ मिनिटं ठेवावं, मध्ये एकदा फिरवावं. टोचलं नाही तर आतल्या वाफेने ते फुटतं. गर मऊ होतो, पण चुलीवरचा धुराचा वास यात येत नाही. तो हवा असेल तर भरतात वाटी ठेवून तिच्यात पेटता निखारा, त्यावर थेंबभर तूप, आणि दोन मिनिटं झाकण. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी करावी, पाव किलोला २ चमचे तेल, १८० अंशांवर १२ ते १४ मिनिटं. मीठ काढल्यावर घालावं, आधी घातलं की पाणी सुटतं. कोरडा मसाला नुसता भुरभुरला तर उडतो, तो तेलातच कालवावा.

चिकनच्या अर्धा किलो तंगड्यांना खोल चिरा द्याव्यात. दह्याऐवजी चक्का वापरावा, पातळ दही खाली गळतं. १८० अंशांवर २० ते २२ मिनिटं, बाराव्या मिनिटाला उलटाव्यात. हाडाजवळ ७४ अंश भरले की मांस शिजलं. चरबी खाली टपकून पांढरा धूर येऊ लागला तर टोपलीखालच्या ड्रॉवरमध्ये दोन-तीन चमचे पाणी घालावं.

विजेबाबत मात्र हयगय नको. १५०० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर. मिक्सरच्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटचं हे काम नाही, १६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच लागतो. जाड पिनेला अडॅप्टर लावून बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर यंत्र चालवलं की आधी प्लग गरम होतो, मग पिवळा पडतो, मग वितळतो. प्लगला हात लावून चटका बसत असेल तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावं. त्याच बोर्डावर मायक्रोवेव्ह किंवा इस्त्री एकाच वेळी चालू नसावी. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं तर वेळही बदलतो. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते, त्यामुळे २३० व्होल्टला १५०० वॉट देणारी कॉइल २०० व्होल्टला सुमारे ११३० वॉटच देते. पाककृतीतल्या १५ मिनिटांत पदार्थ झाला नाही याचं कारण पुष्कळदा हेच असतं. अशा वेळी तापमान वाढवू नये, वेळ वाढवावी. यंत्राच्या मागून गरम हवा बाहेर पडते, तिथे भिंतीपासून वीतभर जागा मोकळी हवी. वर प्लास्टिकचे डबे असलेल्या फळीखाली ते कधीच ठेवू नये.

बेकिंगचा कागद टाकून रिकामं यंत्र तापवणं धोक्याचं आहे. वर वजन नसलेला कागद उडून कॉइलवर जळतो. डब्यातला तेलाचा स्प्रे टोपलीवर मारू नये, त्याचा चिकट थर बसतो आणि लेप खराब होतो. ब्रश पुरेसा आहे. लोखंडी चिमटा आणि तारेची घासणी टाळावी. महिन्यातून एकदा प्लग काढून, यंत्र पूर्ण गार झाल्यावर उलटं करून कॉइलवरची चिकटाई मऊ ब्रशने आणि ओलसर फडक्याने पुसावी. भाजी नसतानाही धूर येतो तो याच थराचा.

ओटीजी मात्र घरातून काढू नये. केक करायचा तर टोपलीत सहा इंची डबाच मावतो, आणि कॉइल जवळ असल्याने पहिली २० मिनिटं त्यावर फॉइल घट्ट दुमडून लावावी लागते, तेव्हा १६० अंशांवर ३०-३५ मिनिटांत तो होतो. पाव वर लवकर लाल होऊन पुरता फुगायचा राहतो. नानकटाई एका घाण्यात सहा-सातच बसतात. दिवाळीला दोन किलोचा घाणा काढायचा असेल, तर ओटीजीच्या ट्रेमध्ये एका वेळी वीस-पंचवीस नानकटाया होतात आणि काम दुपारभरात उरकतं.

आपला,
एक वाचक, सोलापूर