हॅटरच्या टोपीवरची चिठ्ठी

संपादक महोदय,

कॉमिक्स आणि कार्टूनमुळे मुलं 'खऱ्या' पुस्तकांपासून तुटतात, ही तक्रार जुनीच आहे. मला ती कधी पटली नाही. बॅटमॅनचे शत्रूच पाहा. ट्वीडलडम-ट्वीडलडी ही गोलमटोल जोडी १९४३ साली आणि मॅड हॅटर १९४८ साली त्याच्या कॉमिक्समध्ये आला. तिघांचंही माहेर लुईस कॅरॉलच्या ॲलिसकथांत. मूळ पुस्तकाचा चित्रकार टेनिएल याने हॅटरच्या टोपीवर किमतीची चिठ्ठी काढली होती: '१०/६', म्हणजे दहा शिलिंग सहा पेन्स. बॅटमॅनच्या चित्रकारांनीही ती अनेकदा तशीच ठेवली. (गंमत म्हणजे कॅरॉलने त्याला 'मॅड हॅटर' असं कुठेच म्हटलेलं नाही, तो नुसता हॅटर!)

मिकी माऊसचं १९३६ सालचं 'थ्रू द मिरर' तर याहून सरळ. पुस्तक वाचता वाचता मिकीला झोप लागते, तो आरशातून पलीकडे जातो, अक्रोड खाऊन आधी मोठा आणि मग इवलासा होतो आणि पत्त्यांच्या राणीबरोबर नाचतो. मी हे कार्टून आधी पाहिलं, ॲलिस कितीतरी नंतर वाचली. आरशाचं पान आलं तेव्हा वाटलं, अरे, इथे तर आपण येऊन गेलोय!

— एक वाचक