ओयांतायतांबोहून, मुक्तास

ओयांतायतांबो, पेरू
आषाढ शुद्ध द्वादशी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

पहाटेचे पाच वाजलेत. तुझी आई तीन कांबळ्यांखाली गाढ झोपली आहे आणि मी खिडकीशी बसून हे लिहितोय. बाहेर माणूस नाही, कुत्रं नाही, फक्त पाण्याचा आवाज. पहिल्या रात्री मला वाटलं, कुणाचा तरी नळ उघडा राहिलाय. उठून न्हाणीघरात दोनदा बघून आलो. सकाळी कळलं, दारासमोरूनच पाट वाहतो. दगडी, गल्लीच्या कडेकडेने, स्वच्छ आणि वेगात. पंधराव्या शतकात इंका राजा पाचाकुतीने हे गाव वसवलं. त्या वेळी आखलेल्या गल्ल्यांतून पाताकांचा नदीचं पाणी अजून खेळतंय.

परवा फोनवर तू माचू पिच्चूबद्दल विचारलंस. पाहिलं, आणि डोळे निवले. पण तिथे आता कुणी राहत नाही. इथे राहतात. इंकांनी रचलेल्या भिंतींवर नवी छपरं घालून, त्याच दारांतून वाकून ये-जा करत लोक संसार करतात, आणि माझं मन या गावातच अडकलं. दिवसा प्रवाशांची वर्दळ असते, कारण माचू पिच्चूची आगगाडी इथूनच सुटते. संध्याकाळी ती गर्दी पांगली की गाव पुन्हा गावाचं होतं.

घराची रचना तुला लगेच कळेल. आपला वाडाच. मधे चौक, भोवती एकेक खोलीची घरं, गल्लीकडे एकच दार. याला इथे कांचा म्हणतात. दारं, कोनाडे खाली रुंद आणि वर अरुंद, भिंतीही आत किंचित कललेल्या. भूकंपाच्या मुलखात हा कल इमारतीला सावरून धरतो. मी दिवसभर भिंतींना हात लावत हिंडलो. आई म्हणाली, देवळात फिरताय की काय!

गावाच्या डोक्यावर डोंगरउतारावर मजगी, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची शेतं, चढत गेल्यात आणि वर सूर्यमंदिराचे सहा प्रचंड दगड शेजारीशेजारी उभे आहेत, गुलाबी छटेचे. खाण नदीच्या पलीकडे समोरच्या डोंगरात, काचिकाता नावाची. तिथून दगड खाली उतरवायचा, उरुबांबा नदी पार करायची आणि पुन्हा इकडे चढवायचा. हे सगळं बैल नसलेल्या, चाक न वापरणाऱ्या माणसांनी दोर आणि खांद्यांच्या बळावर केलं. मंदिर पुरं झालंच नाही. वाटेत राहून गेलेले दगड अजून तिथेच पडलेत आणि लोक त्यांना ‘थकलेले दगड’ म्हणतात. मी त्यातल्या एकाजवळ बराच वेळ बसलो होतो.

1537 साली इथेच मांको इंका या राजाने एर्नांदो पिसारोच्या स्पॅनिश फौजेला मागे फिरवलं. त्याने पाटांतून पाणी सोडून खालचं सपाट रान पाण्याखाली घातलं आणि घोडे चिखलात रुतले. पुढे त्याला हे गाव सोडून विल्काबांबाच्या जंगलात जावं लागलं, ती गोष्ट दुःखाची आहे. पण ज्यांना आपल्या पाण्याची इतकी जाण होती, त्यांच्यापुढे मला हात जोडावेसे वाटले.

आता कालचं सांगतो. काल आषाढी. आईचा उपवास. इथे काय मिळणार, या काळजीने तिने मुंबईहून साबुदाणा आणला होता. घरमालकीणबाईंनी तिच्यापुढे ठेवलं ते काय, तर उकडलेले बटाटे. जांभळे, पिवळे, गाठीगाठींचे, चार तऱ्हांचे. शिवाय भाजलेले शेंगदाणे आणि राजगिऱ्याची वडी! राजगिऱ्याला इथे किविचा म्हणतात. मुक्ता, बटाट्याची शेती याच पर्वतात सुरू झाली. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, रताळं आणि मिरचीही त्याच बाजूची आणि साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही तिकडचाच. आपल्या एकादशीचं बरंचसं ताट पोर्तुगीज गलबतांतून समुद्र ओलांडून आलेलं आहे. आई कितीतरी वेळ ताटाकडे बघत राहिली. मग बाईंनी तिला काळे, सुरकुतलेले, बोराएवढे बटाटे दाखवले. रात्री थंडीत गोठवायचे, दिवसा उन्हात टाकायचे, पायांनी तुडवून पाणी काढायचं, की वर्षानुवर्षं टिकतात. चुन्यो. दोघींची वाळवणांवर भाषेवाचून अर्धा तास चर्चा झाली.

बाईंनी मला मक्याची चिचा दिली, आंबूस पेय. पिण्याआधी त्यांनी थोडी जमिनीवर सांडली, पाचामामेसाठी, म्हणजे धरणीमातेसाठी. मला आजोबांची चित्राहुती आठवली.

त्यांचा मुलगा इंग्रजी बोलतो. त्याला मी पाटाबद्दल विचारलं, हा साफ कोण करतं? तो म्हणाला, आम्हीच. इथल्या डोंगरी गावांत पेरणीआधी घरटी एक माणूस फावडं घेऊन पाटात उतरतो. गाळ काढतात, निखळलेले दगड बसवतात, गाणी म्हणतात, चिचा पितात. एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबायच्या पद्धतीला शब्द आहे ‘आय्नी’. मी म्हणालो, अरे, ही तर आमची सावड! आणि सगळ्या गावाने मिळून एकाचं काम उरकायचं, ती ‘मिंका’. म्हणजे इरजिक.

मग त्याने एक गोष्ट सांगितली, जी मी रात्रभर घोळवतोय. त्यांच्या केचुआ भाषेत, आपल्यासारखेच, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर न्योकान्चिस, वगळून बोलायचं तर न्योकायकू. स्पॅनिशमध्ये हा फरक नाही, इंग्रजीतही नाही. मी विचारलं, मग माझ्याशी बोलताना ‘आमचा पाट’ म्हणशील की ‘आपला पाट’? तो हसला आणि म्हणाला, आज तुम्हाला ‘यार्कायकू’ म्हणेन, आमचा. गाळ काढायला उतरलात, की ‘यार्कान्चिस’.

मुक्ता, तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. तू चौथी-पाचवीत होतीस. धुळ्याकडे पांझरा नदीच्या खोऱ्यात एका गावी फडाचा जुना पाट होता. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड, म्हणजे शेतांचे मोठे तुकडे, आणि कुठल्या फडात कुठलं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. तीनशे वर्षांहून जुनी पद्धत. पाळीनं पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला, त्याला धान्यात मोबदला. मी तो पाट सिमेंटचा करून दिला. नकाशा माझा, सही माझी. गळती थांबली, याचा मला अभिमान होता. उद्घाटनाच्या दिवशी मी गावाला म्हणालो, आता कुणाला गाळात उतरायला नको, सगळं सरकार बघेल. म्हातारे पाटकरी पुढे आले आणि म्हणाले, “मग साहेब, पाट कुणाचा?” मी म्हणालो, सरकारचा.

सहा वर्षांनी त्या रस्त्याने गेलो. पाट गाळाने भरला होता आणि त्यात बाभळी उगवल्या होत्या. कुणी उतरलं नव्हतं, कारण उतरू नका असं मीच सांगितलं होतं. मी जीपमधून खालीही उतरलो नाही. पाटकऱ्यांना तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

सिमेंट वाईट नव्हतं. इथेही काही ठिकाणी पाटाला सिमेंट लावलेलं दिसलं आणि पाणी चाललंय. मी ‘आपला’ हा शब्द त्या गावाकडून काढून घेतला, ते वाईट केलं. आता तू गावोगावच्या पाणीयोजना आखतेस. तुझं गणित माझ्यापेक्षा पक्कं आहे, त्यात मला सांगण्यासारखं काही नाही. फक्त पुढच्या गावात नकाशा उलगडण्याआधी एकदा विचार, इथे गाळ कोण काढतं, आणि त्या दिवशी जेवायला काय करतात.

उजाडलं. समोरच्या पिंकुयुनाच्या कड्यावर, इंकांची धान्याची कोठारं आहेत तिथे, ऊन आलंय. एवढ्या उंचावर का, तर वाऱ्याने धान्य कोरडं राहावं म्हणून. आई उठली की आम्ही हळूहळू तिथवर चढणार आहोत. गुडघ्यांची काळजी करू नकोस, काठी घेतली आहे.

दिवाळीत चार दिवस जास्तीची रजा काढ. पाटकरी आता नसतील, पण त्यांचा मुलगा त्याच गावात शेती करतो, एवढं मला ठाऊक आहे. तू गाडी चालव. फावडी मी धुळ्यातून घेईन, दोन.

बाबांचे आशीर्वाद