वसईच्या फादरना, ‘व्हायरस’च्या निमित्ताने

आदरणीय फादर,
सप्रेम नमस्कार.

साथरोगांवरचं पुस्तक छापून आलं. तुमची प्रत टपालात टाकली आहे. पण आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे जाहीर पत्र.

लेखकमहाशय हटून बसले होते: ‘व्हायरस’चं लॅटिन अनेकवचन ‘विरी’, तेच छापा. मला ते खटकत होतं. पण मुद्रितशोधकाला नुसतं खटकून भागत नाही, आधार दाखवावा लागतो. सेमिनरीत लॅटिन घोटलेले तुम्हीच आठवलात.

तुम्ही शब्दकोशाला हातही लावला नाहीत, थेट रोमन कवी व्हर्जिल काढलात. देवांचा राजा जुपिटर याने काळ्या सापांना जहाल विष दिलं, ती ओळ. त्यातल्या ‘मालुम वीरुस’वर (वीरुस म्हणजे ‘व्हायरस’चाच लॅटिन उच्चार) बोट ठेवून म्हणालात, “विशेषण बघ. ‘मालुस’ नाही, ‘मालुम’. म्हणजे शब्द नपुंसकलिंगी.” शेवटी ‘उस’ असूनही नपुंसक, असे त्या गणात, म्हणजे एकाच पद्धतीने चालणाऱ्या शब्दांच्या गटात, जेमतेम तीन: वीरुस, वुल्गुस म्हणजे जमाव आणि पेलागुस म्हणजे समुद्र. त्यातला वुल्गुसही अधूनमधून पुल्लिंगी होतो, ही तुमची पुस्ती. मग पुल्लिंगी शब्दांच्या अनेकवचनाचा ‘ई’ याला लावायचा कशाला? प्राचीन रोमन लेखनात याचं अनेकवचन सापडतच नाही. विष, चिकट स्राव, उग्र दर्प असले अर्थ. मोजत कोण बसणार? आणि नुसतं ‘विरी’ म्हणजे तर पुरुष!

तिथेच तुम्ही ह्रस्व-दीर्घ काढलंत आणि माझी कळी खुलली. लॅटिन वीरुस आणि आपलं विष एकाच मुळाचे. दोन स्वरांमधल्या ‘स’चा लॅटिनमध्ये ‘र’ होतो, जसं फ्लोस म्हणजे फूल, पण फुलाचं म्हणताना फ्लोरिस. पुरुषवाचक विर आणि आपला वीरही असेच सख्खे. पण गंमत बघा, विषाचा ‘वि’ तिकडे दीर्घ, वीराचा ‘वी’ तिकडे ह्रस्व. अगदी उलट! आयुष्यभर वेलांट्या तपासणाऱ्याला याहून मोठी मेजवानी कुठली?

लेखकांनी माघार घेतली. आम्ही सरळ ‘विषाणू’ छापलं, आणि तळटीपेत तुमचं सगळं स्पष्टीकरण थोडक्यात दिलं. 1898 साली डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायरिंकने तंबाखूच्या रोगाच्या कारणासाठी ‘व्हायरस’ हा जुना शब्द वापरला, तेही त्यातच आलं. तुमचं नाव घालू दिलं नाहीत, याची रुखरुख मात्र आहे.

पुढचं पुस्तक कोकणातल्या वनस्पतींवर आहे, पानोपानी लॅटिन नावं. तेव्हा पावसाळ्यानंतर पुन्हा त्रास द्यायला येतोय.

आपला नम्र,
एक मुद्रितशोधक