हिड्रो बोटीवरचा पहारेकरी

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

परक्या सत्तेविरुद्ध लढणाऱ्याने आपल्याच निरपराध माणसांचा जीव पणाला लावावा का, हा तुझा प्रश्न वाचल्यापासून मला दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या नॉर्वेतील टिन सरोवरावरची हिड्रो ही बोट सारखी आठवते आहे.

तिथल्या वेमोर्कच्या कारखान्यात तयार होणारे जड पाणी, म्हणजे जड हायड्रोजनचे पाणी, जर्मनांना अणुसंशोधनासाठी हवे होते. फेब्रुवारी 1943 मध्ये नॉर्वेच्या भूमिगत सैनिकांनी एकही गोळी न झाडता तेथील यंत्रे उडवली. परंतु काही महिन्यांत उत्पादन पुन्हा सुरू झाले. नोव्हेंबरात अमेरिकी विमानांनी बाँब टाकले, त्यात वीसहून अधिक नागरिक दगावले. मग उरलेला साठा जर्मनीला हलवायचे ठरले आणि तो ज्या बोटीतून सरोवर ओलांडणार होता, तिच्यातून रयुकान परिसरातील साधी माणसेही प्रवास करत असत.

बोट बुडवण्याची कामगिरी क्नुट हाउकेलिद या भूमिगत सैनिकाकडे आली. सूडाची भीती खरी होती, कारण 1942 मध्ये गेस्टापोचे, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांचे, दोन अधिकारी मारले गेल्यावर जर्मनांनी टेलावाग हे अख्खे गाव जाळून तेथील पुरुषांना छळछावणीत धाडले होते. म्हणून त्याच्या गटाने बिनतारी संदेशाने लंडनमधील वरिष्ठांना पुन्हा विचारले की हे खरोखरच आवश्यक आहे का. उत्तर होकारार्थी आले. रविवारी सकाळी प्रवासी कमी असत आणि साठाही त्याच फेरीने जाणार होता. बोट खोल पाण्यावर असताना स्फोट व्हावा, अशी घड्याळे लावली गेली.

आदल्या रात्री बोटीवर हाउकेलिद आणि त्याच्या साथीदारांना एक नॉर्वेजियन पहारेकरी भेटला. आपण गेस्टापोपासून लपतो आहोत असे सांगताच त्या भल्या माणसाने त्यांना तळाशी जाऊ दिले. त्याला सावध करावे असे हाउकेलिदला वाटत होते, कारण वेमोर्कच्या हल्ल्यानंतर तेथील पहारेकऱ्यांची झालेली दशा त्याला ठाऊक होती. पण तो नाहीसा झाला असता तर सकाळी जर्मनांना संशय आला असता. निघताना हाउकेलिदने फक्त त्याचा हात हातात घेऊन आभार मानले. 20 फेब्रुवारी 1944 रोजी बोट बुडाली. काठावरच्या लोकांनी होड्या घालून अनेकांना वाचवले, तरी 18 माणसे गेली; त्यांतील 14 नॉर्वेजियन होती.

वरून आदेश आला की करणाऱ्याची जबाबदारी संपते, हे तुझे म्हणणे मला मान्य नाही. हाउकेलिदही तसे मानत नसावा, नाहीतर त्या पहारेकऱ्याची एवढी टोचणी त्याला लागली नसती. जर्मनी अणुबाँबपासून फार दूर होती, हे युद्धानंतर उघड झाले. पण त्या रात्री त्या माणसांना जेवढे कळू शकत होते, तेवढ्यावरच त्यांचा निर्णय तोलावा असे मी मानतो, आणि त्या निर्णयाला योग्य म्हणतो. मात्र त्या 14 जणांच्या घरच्यांपैकी कोणासमोर उभे राहून मला हे म्हणता आले असते असे वाटत नाही, आणि तसे म्हणण्याचा मला अधिकारही नाही.

त्या पहारेकऱ्याच्या बाबतीत तू काय केले असतेस, ते सविस्तर लिही.

तुझा स्नेही